बाबा दिल्लीला नाहीत

ताई, नमस्कार.

माझे मिस्टर फौजेत हवालदार आहेत. गेल्या सप्टेंबरात, अनंत चतुर्दशीच्या झांक्यांची मिरवणूक निघाली त्याच आठवड्यात, त्यांची पलटण वर्षभरासाठी यूएन मिशनवर दक्षिण सुदानला गेली. आम्ही महूला क्वार्टरमध्ये राहत होतो, पण इथे सासूबाई एकट्या पडतात म्हणून मुलांना घेऊन इंदूरला सुदामा नगरच्या घरी आले. मोठी मुलगी दहा वर्षांची आहे, धाकटा साडेचारचा. निघण्याआधी ह्यांना तयारीसाठी काही दिवस दिल्लीला थांबावं लागलं, तेव्हा सासूबाईंनी धाकट्याला सांगितलं, बाबा दिल्लीला गेलेत. पुढे तेच चालू राहिलं. एवढ्याशा जिवाला काय सांगायचं, असं मलाही वाटलं. दिवाळीनंतर शाळेत एक मुलगा त्याला म्हणाला, ‘तेरे पापा दिल्ली में नहीं हैं, लड़ाई में गए हैं, वहाँ गोली चलती है.’ त्या दिवशी घरी येऊन तो काहीच बोलला नाही. पण तेव्हापासून ह्यांचा फोन आला की पलंगाखाली जाऊन बसतो. रात्री अंथरूण ओलं करतो, ते दीड वर्षापासून बंद झालं होतं. ह्यांना वाटतं पोरगा आपल्याला विसरला. परवा बोलता बोलता त्यांचा आवाज भरून आला. मोठी फारच शहाणी झाली आहे, रात्री उठून गॅस आणि दाराची कडी बघून येते. नातेवाईक म्हणतात, डॉलर मिळतायत ना, मग रडतेस कशाला. मला कधी कधी ह्यांचाच राग येतो आणि मग माझी मलाच लाज वाटते. सासूबाई म्हणतात, आता काही सांगू नकोस, आपोआप विसरेल. मी काय करू? आणि हे परत आले की सगळं पहिल्यासारखं होईल ना?

एका फौजीची बायको, इंदूर

प्रिय वहिनी,

मी स्वतः फौजीची मुलगी आहे, महूच्या छावणीत वाढले, म्हणून तुम्हाला वहिनी म्हणते. तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा पलंगाखाली येऊन थांबले.

आधी एक काम करा. आज रात्री फोन आला की तुमच्या मिस्टरांना सांगा, पोरगा तुम्हाला विसरलेला नाही. विसरलेलं मूल फोन वाजला तरी आपली गाडी फिरवत बसतं, त्याला काही फरक पडत नाही. तुमचा मुलगा तर रिंग ऐकून ओळखतो, उठतो, धावत जाऊन लपतो. फोन कोणाचा आहे हे त्या घरात सगळ्यात आधी त्यालाच कळतं. हवालदार साहेबांना हे आजच कळायला हवं. तिकडे रात्रीच्या ड्यूटीवर उभ्या असलेल्या माणसानं ‘माझं पोर मला विसरलं’ हे ओझं डोक्यावर घेऊन उभं राहू नये.

मग तो लपतो का? मला जे वाटतं ते सांगते, आणि त्यासाठी माझ्याच घरातली गोष्ट सांगावी लागेल.

१९८७ च्या जुलैत श्रीलंकेशी करार झाला आणि आपली शांतिसेना तिकडे गेली. ऑक्टोबरात जाफन्याची लढाई सुरू झाली, त्याच सुमारास माझे बाबा गेले. मी नऊ वर्षांची होते, भाऊ पाच वर्षांचा. बाबा सिग्नल्समध्ये होते. सगळ्यांचे निरोप पोचवणाऱ्या माणसाचा स्वतःचा निरोप मात्र आमच्याकडे यायला पंधरा-पंधरा दिवस लागायचे. निळं आंतरदेशीय पत्र, वर ५६ एपीओ, म्हणजे फौजेच्या टपालाचा पत्ता. आई संध्याकाळी रेडिओवर बातम्या ऐकायची. आम्ही खोलीत शिरलो की तिचा अंगठा बटणावर जायचा आणि टक् असा आवाज व्हायचा. तो आवाज मला आजही ऐकू येतो. बातमीत काय होतं ते मला कधीच कळलं नाही, पण बातमी बंद करण्याजोगी होती एवढं त्या आवाजानं मला रोज सांगितलं.

मला आईनं श्रीलंका म्हणून सांगितलं होतं. भावाला सांगितलं, बाबा मद्रासला गेलेत. ते मद्रासवरूनच पुढे गेले होते, म्हणजे तुमच्या दिल्लीसारखंच, अर्धं खरं. छावणीत अशी गोष्ट किती दिवस टिकणार? शेजारच्या क्वार्टरमधल्या मुलानं त्याला सांगून टाकलं. भाऊ रडला नाही, आईला काही विचारलंही नाही. पण त्या दिवसापासून आई काहीही म्हणाली तरी तो माझ्याकडे यायचा आणि हळूच विचारायचा, ‘ताई, खरं ना?’ उद्या शाळेला सुट्टी आहे, खरं ना? डॉक्टरकाका इंजेक्शन देणार नाहीत, खरं ना? बाबा १९८९ च्या जानेवारीत सुखरूप परत आले. तरी पुढची कितीतरी वर्षं ते भाजी आणायला निघाले की हा फाटकाशी उभा. आज तो त्रेचाळीस-चव्वेचाळीसचा आहे. मागच्या वर्षी आईचं छोटंसं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी त्याला समोर बसवून सगळं समजावलं, आणि रात्री अकरा वाजता त्याचा मला फोन. ‘ताई, खरं सांग.’

आईला मी दोष देत नाही. ती तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती आणि ज्या युद्धात आपले हजाराहून जास्त जवान गेले त्या युद्धावर तिचा नवरा होता. तिनं जे केलं ते मायेनं केलं. तुमच्या सासूबाईंनीही मायेनंच केलं. त्यांचाही तो मुलगाच आहे हो. ‘दिल्ली’ म्हणताना त्या नातवाबरोबर स्वतःलाही थोडं समजावत असतील.

पण वहिनी, त्या शाळेतल्या मुलानं तुमच्या धाकट्याला दोन गोष्टी एकदम सांगितल्या. एक, बाबा गोळ्या चालतात तिथे आहेत. दुसरी, घरातली मोठी माणसं खोटं बोलतात. पहिलीची भीती तो तुमच्या कुशीत येऊन घालवू शकला असता. दुसरीमुळे ती कुशीच गेली. आता फोनवर बाबा हसून म्हणतात, ‘कसा आहेस रे राजा?’ आणि त्याला कळत नाही की हे हसणं खरं की खोटं. साडेचार वर्षांच्या मुलाला हा पेच सुटण्यासारखा नाही. म्हणून तो पलंगाखाली जातो, तिथे कोणी काही सांगत नाही आणि विचारतही नाही.

सासूबाई म्हणतात तसं तो आपोआप विसरणार नाही. त्याला खरं सांगायचं, आणि माझ्या मते सासूबाईंनीच सांगायचं. तुम्ही सांगितलंत तर आजी खोटी ठरेल आणि आई-आजीच्या मध्ये पोर अडकेल. सासूबाईंना हे जड जाईल. त्यांच्याशी बोलताना चूक हा शब्द काढू नका. एवढंच म्हणा, ‘आई, तो तुमचं सगळ्यात जास्त ऐकतो. तुम्ही सांगितलंत तरच त्याला पटेल.’ आणि हे खरंच आहे.

सांगायला रात्रीची वेळ नको. रविवारी सकाळी पोहे झाल्यावर, तो खेळत असताना आजीनं शेजारी जमिनीवर बसावं आणि थोडक्यात सांगावं. ‘राजा, मी तुला सांगितलं होतं बाबा दिल्लीला आहेत. आधी ते दिल्लीलाच होते. मग ते लांब गेले, विमानानं, दुसऱ्या देशात. मी तुला ते सांगितलं नाही, कारण मला वाटलं तू घाबरशील. मी सांगायला हवं होतं. आता जे असेल ते मी तुला सांगेन.’ एवढंच. त्यानं ऐकलं नाही असं दाखवलं, गाडी फिरवतच राहिला, तरी चालेल. तो ऐकतोय. दोन दिवसांनी न्हाताना किंवा रिक्षात अचानक प्रश्न येईल, तेव्हा जो कोणी जवळ असेल त्यानं उत्तर द्यायचं. म्हणून उत्तरं घरात सगळ्यांची सारखी हवीत.

तो विचारेल, बाबा तिथे काय करतात? यावर तुमच्याकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि त्यातलं काहीच बनवावं लागणार नाही. दक्षिण सुदान हा फार लहान वयाचा देश, ९ जुलै २०११ ला जन्मला, म्हणजे तुमच्या मोठीपेक्षा थोडासाच मोठा. मुलांना हे फार आवडतं. २०१३ च्या डिसेंबरात तिथे आपसात भांडणं पेटली तेव्हा घाबरलेली हजारो माणसं, आया, लेकरं, म्हातारी माणसं, धावत यूएनच्या छावण्यांकडे गेली आणि आत राहिली. त्या छावण्यांची राखण करणाऱ्यांत आपले जवानही होते. तिथली माणसं गाई फार जपतात, आपल्या फौजेच्या गुरांच्या डॉक्टरांनी तिथे गाईंनाही औषधं दिली आहेत. यूएनच्या गाड्या पांढऱ्या असतात आणि डोक्यावरची टोपी निळी. आणि तिथून नाईल वाहते, पांढरी नाईल म्हणतात तिला. आपल्या घरी नळाला येतं ते पाणी नर्मदेचं हे त्याला माहीत असेल, ओंकारेश्वरला नेऊन आणला असाल तर नदी त्यानं पाहिलीही असेल. आपण नर्मदेचं पाणी पितो, बाबा नाईलच्या देशात आहेत. मोठीच्या शाळेच्या नकाशात दोन्ही नद्या निळ्या पेनानं रंगवायला सांगा, तिनं दाखवायच्या आणि त्यानं बोट फिरवायचं.

मग खरा प्रश्न येईल. ‘तिथे गोळी चालते?’ हो म्हणा. ‘कधी कधी चालते. म्हणून बाबांकडे हेल्मेट आहे, जाड जाकीट आहे, सोबत सगळी पलटण आहे आणि ते एकटे कुठे जात नाहीत.’ आणि ‘बाबांना लागेल का?’ इथे आपली जीभ लगेच ‘छे, काही होत नाही’ म्हणायला धावते. तिला आवरा. तुम्ही फौजीची बायको आहात, तुम्हाला माहीत आहे. २०१३ च्या एप्रिलमध्ये त्याच देशात, जोंगलेई भागात, घात लावून केलेल्या हल्ल्यात आपले पाच जवान गेले होते. हे मुलाला सांगायचं नाही, पण त्याच्या उलटही सांगायचं नाही. म्हणा, ‘लागू नये म्हणून बाबा रोज काळजी घेतात. कालच बोलले, ते ठीक आहेत. काही झालं तर आई तुला सांगेल, तुझ्यापासून लपवणार नाही.’ यातलं शेवटचं वाक्य दर वेळी म्हणायला विसरू नका.

वर्ष म्हणजे काय हे त्या वयात कळत नाही. बारा महिने, तीनशे पासष्ट दिवस, सगळं सारखंच. त्याला त्याच्या ओळखीच्या गोष्टींनी मोजून द्या. आता सराफ्यात गरम गराडू मिळतायत. मग संक्रांतीचा तिळगूळ, मग राजवाड्याची रंगपंचमीची गेर, मग आमरस, मग पाऊस आणि भुट्टे, मग गणपती, मग झांक्या. बाबा झांक्यांच्या सुमारास येतील. सुमारास म्हणा, तारीख सांगू नका. पलटणीचं परतणं पंधरा दिवस, महिनाभर पुढेमागे होतं, आणि एकदा हात पोळलेल्या मुलाला पुन्हा चुकीची तारीख देणं बरं नाही.

आता फोन. त्याला पलंगाखालून ओढून काढू नका, ‘बाबांशी बोल बघू’ म्हणून फोन त्याच्या तोंडाशी धरू नका. आपण त्यांच्यापेक्षा साडेतीन तासांनी पुढे आहोत. तुमच्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिथे संध्याकाळचे पाच. ड्यूटी सांभाळून जमलं तर आठवड्यातून दोनदा हीच वेळ ठरवा, म्हणजे अचानक वाजणाऱ्या रिंगची धास्ती जाईल. फोन स्पीकरवर ठेवून पलंगावर ठेवा आणि तुम्ही, मोठी, आजी बोलत बसा. तो खाली असेल तर खालूनच ऐकेल. बाबांनी त्याला हाक मारायची नाही, ‘माझी आठवण येते का’ असं तर मुळीच विचारायचं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर मोठ्या माणसालाही धड देता येत नाही. त्यांनी आपलं सांगत जावं. आज मेसमध्ये पोळ्या जळल्या, आज बुटात बेडूक निघाला, आज चिखलात गाडी रुतली आणि आम्ही दहाजणांनी ढकलली. पावसाळ्यात तिथले रस्ते चिखलाचे होतात, गाड्या रुतण्याच्या गोष्टी त्यांच्याकडे असतीलच. बेडकापाशी कधीतरी पलंगाखालून आवाज येईल, ‘केवढा?’ तेव्हा कोणी टाळ्या वाजवू नका, कोणी म्हणू नका ‘बघा, बोलला!’ बाबांनी फक्त सांगायचं, केवढा ते.

नेटवर्क नसेल त्या दिवसांसाठी त्यांच्याकडून पाच-सहा छोट्या गोष्टी आवाजात रेकॉर्ड करून मागवून ठेवा. भूगोल नको, उपदेश नको. चिमणी-कावळ्याची जुनीच गोष्ट, बाबांच्या आवाजात. फोन मोठीच्या हातात न देता धाकट्याच्या हातात द्या आणि लावायचं की नाही हे त्याला ठरवू द्या.

अंथरुणाचं थोडक्यात. घाबरलेल्या मुलाचं असं मागे जाणं नेहमीचं आहे, आणि पाच वर्षांच्या आत तर डॉक्टर त्याला आजार म्हणतच नाहीत. तरी बंद झालेलं पुन्हा सुरू झालंय म्हणून एकदा लघवी तपासून घ्या, जंतुसंसर्ग नाही ना ते कळेल. तहान फार वाढली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. बाकी रबरी कापड घाला, चादर बदला आणि त्याबद्दल घरात कोणी काही बोलू नका, पाहुण्यांसमोर तर नाहीच.

आता मोठीबद्दल. तुम्ही तिच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटते. धाकटा लपतो, ओलं करतो, म्हणजे तो सांगतोय. ती सांगत नाही, ती गॅस बघते. रात्री उठून अंधारात स्वयंपाकघरात जाणारी ती दहा वर्षांची मुलगी माझ्या डोळ्यांपुढून जात नाही, कारण ती मी होते. आमच्या क्वार्टरला मागे एक दार होतं, त्याची कडी सैल होती. मी रोज रात्री उठून ती दाबून बघायची. आईला वाटायचं, पोर किती जबाबदार आहे, पाहुण्यांना कौतुकानं सांगायची. त्या कौतुकामुळे मला कधी म्हणताच आलं नाही की मला भीती वाटते.

निघताना तिला कोणी म्हणालं होतं का, ‘आता आईला आणि भावाला तू सांभाळायचंस’? बाबा, काका, शेजारचे आजोबा, कोणीही? बहुतेक कोणीतरी म्हणालंच असेल. आपल्याकडे हे आशीर्वादासारखं म्हणतात. ज्यानं म्हटलं त्यानंच ते परत घ्यावं. बाबा म्हणाले असतील तर फोनवर फक्त तिच्याशी बोलून त्यांनी सांगावं, ‘ते काम आता आईचं आणि आजीचं. तुझं काम पाचवीचा अभ्यास आणि भांडणं.’ आणि तुम्ही रात्री झोपताना तिला हाक मारून तिच्यासमोर गॅस बंद करा, कडी लावा, हात लावून दाखवा. ‘बघ, मी बघितलंय. रात्री काही वाटलं तर गॅसकडे जाऊ नकोस, माझ्याकडे ये.’ दहा-पंधरा दिवस हे न चुकता करा. ती एखाद्या रात्री येईल. तेव्हा ‘काय झालं’ विचारू नका, पांघरूण उचलून आत घ्या.

तिच्याशी नकाशा, बातम्या, धोका, हे सगळं धाकट्यापेक्षा मोकळेपणानं बोला. तिच्या वर्गातल्या मुलींच्या घरी फोन आहेत आणि तिला शोधता येतं. तिनं आधीच शोधलं असेल. ‘तू काय काय वाचलंस?’ एवढं विचारून बघा.

टीव्हीवरच्या बातम्यांबद्दल घरात एक नियम करा आणि तो सासूबाईंसकट सगळ्यांना लागू करा. खबर असेल तर ती पलटणीकडून येते. रिअर पार्टीचा, म्हणजे पलटणीच्या मागे राहिलेल्या तुकडीचा, नंबर फ्रिजवर लावून ठेवा. टीव्हीवर आफ्रिकेचं काही दिसलं, कोणी नातेवाइकानं व्हॉट्सॲपवर व्हिडिओ धाडला, तर आधी तो नंबर लावायचा, नंतर बघायचं की नाही ते ठरवायचं. पण वहिनी, मुलं आली म्हणून टक् करून बंद करू नका. चालू असेल तर चालू ठेवा, दोन वाक्यांत सांगा काय आहे, मग सावकाश बंद करा.

डॉलरवाल्यांना उत्तर द्यायला बसू नका. मिशनचे पैसे हे त्यांच्या मेहनतीचे आहेत, त्यातून तुमचं घर होवो, मुलांची शिक्षणं होवोत. रडू आलं तर रडा.

रागाची लाज वाटते म्हणालात. मला तर तुम्हाला राग आला नसता तर नवल वाटलं असतं. दोन मुलं, म्हातारी सासू, रात्रीच्या चादरी, गॅसचा नंबर, शाळेची फी, आणि ज्याच्यावर चिडायचं तो माणूस पाच हजार किलोमीटरवर, त्यातही फोनवर बिचारा रडवेला. त्यांच्यावर चिडता येत नाही म्हणून राग तुमच्याच अंगावर येतो. त्यांना सांगा, पण मुलांसमोर नको आणि ते ड्यूटीवर निघायच्या आधी नको. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, वेगळा फोन करून. ‘मी थकलेय आणि मला तुमचा राग येतो’ हे बायकोच्या तोंडून ऐकणं फौजी माणसाला झेपतं. ‘सगळं ठीक आहे’ हे रोज त्याच सुरात ऐकणं जास्त जड जातं, कारण त्यालाही कळत असतं. रात्री फारच जीव घाबरा झाला आणि बोलायला कोणी नसेल, तर सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६, चोवीस तास, फुकट. तिथे फोन करणं म्हणजे डोकं फिरलं असं नव्हे.

महू सोडून इंदूरला आलात ते सासूबाईंसाठी, आणि ते योग्यच केलंत. पण त्यात एक गोष्ट तुमच्या हातून सुटली. छावणीत दर दुसऱ्या घरातले बाबा बाहेर असतात. तिथे ‘माझे बाबा मिशनवर’ म्हटलं की दुसरा पोरगा म्हणतो, ‘माझे सियाचीनला,’ आणि दोघं पुन्हा क्रिकेट खेळायला लागतात. सुदामा नगरच्या शाळेत तुमचा धाकटा एकटाच आहे, त्याच्या वर्गात सगळ्यांचे पप्पा संध्याकाळी स्कूटरवर घरी येतात. पंचवीस किलोमीटर काही लांब नाही. महिन्यातून एका रविवारी दोघांना महूला न्या, त्याच पलटणीच्या ज्या वहिन्या क्वार्टरमध्ये आहेत त्यांच्याकडे. वेल्फेअरची बैठक असेल तर जा, तोंडं ओळखीची असू द्या. आणि इथल्या बाईंना, म्हणजे त्याच्या वर्गशिक्षिकेला, भेटून सगळं सांगा. चेष्टा करणाऱ्या मुलाची तक्रार नको. त्यानं घरी जे ऐकलं तेच सांगितलं. बाईंनी नकाशा लावून वर्गाला दक्षिण सुदान दाखवला आणि ‘याचे बाबा तिथल्या लोकांचं रक्षण करायला गेलेत’ म्हटलं, तर त्या मुलालाही ते नीट कळेल.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. परत आल्यावर सगळं पहिल्यासारखं होईल का? लगेच नाही होणार, आणि ते आधीच माहीत असलेलं बरं. आमचे बाबा आले त्या दिवशी आईनं पुरणपोळ्या केल्या होत्या, क्वार्टरांची सगळी लाइन बघायला आली होती, आणि भाऊ दाराआड. आजूबाजूच्या काकू म्हणाल्या, ‘अरे, जा ना बाबांकडे!’ बाबांनी त्याला बोलावलं नाही. त्याच्या तीनचाकीची साखळी निघून पडली होती, ती घेऊन ते अंगणात बसले. एक दिवस, दोन दिवस, साखळी बसवायची, काढायची, पुसायची. एवढं कशाला लागतं साखळीला हे मला तेव्हा कळलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी भाऊ आतून तेलाची बुधली घेऊन गेला आणि न बोलता त्यांच्या शेजारी ठेवली. बाबांनी तेल घातलं, चाक फिरवलं, म्हणाले, ‘आता बघ बरं.’

हवालदार साहेबांना हे आधीच सांगून ठेवा. आल्या आल्या मुलगा अंगावर झेपावला नाही तर त्याचं वाईट वाटून घेऊ नका. पहिले दहा-पंधरा दिवस घरात नवे नियम काढायचे नाहीत, कपाटं लावायची नाहीत, ‘हे असं का ठेवलं’ विचारायचं नाही. वर्षभर घर तुम्ही चालवलंत, तेव्हा बँकेचं कार्ड आणि गॅसचं पुस्तक लगेच त्यांच्या हातात देऊन मोकळ्या होऊ नका, एकेक करून द्या. मोठी सुरुवातीला तुम्हाला विचारूनच त्यांचं ऐकेल, त्याचाही राग नको. तिकडून आलेला माणूसही काही दिवस रात्री दचकेल, गप्प बसेल, बाजारातल्या गर्दीत चिडेल. त्यालाही वेळ हवा. अशानं दोन महिने लोटले आणि तरी तो कोणाशी बोलत नसेल, झोपत नसेल, तर मिलिटरी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना दाखवायला लाजू नका.

आणि एक छोटी गोष्ट, तुम्ही विचारली नाहीत पण सांगते. रिअर पार्टीला विचारा, पलटणीतला कोणी सुट्टीवर येऊन परत तिकडे जाणार आहे का, आणि सामानातून काय नेता येतं. जमत असेल तर अर्धा किलो लौंग सेव पाठवा. पाकिटावर मोठीनं नाव लिहावं, पाकीट बंद करायचं काम धाकट्याला द्या. चिकटपट्टी बरीच जास्त लागेल. लागू द्या.

तुमची,
ताई